आतड्यांचा दाह आणि त्वचेचे विकार

पोटाचा विकार आणि त्वचेचा विकार ही दोन निराळी खाती होत, अशी समजूत व्यापारी बंधूंत पुष्कळ आढळते. पोटासाठी एका डॉक्टरकडे जावे, पायावरील फोडासाठी दुसऱ्याकडे, आणि एकाची वार्ता दुसऱ्यास नसावी, असे नेहमी घडते. आतड्यांच्या दीर्घकालीन दाहात मात्र ही समजूत घातक ठरू शकते. म्हणून या विषयाचा अल्प परिचय येथे करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये मोठ्या आतड्याच्या अस्तरास व्रण पडतात. 1932 साली न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन व त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्णिलेला क्रोन्स डिसीज मुखापासून गुदद्वारापर्यंत कोठेही उद्भवू शकतो. दोहोंतही शरीराची संरक्षक शक्ती स्वकीयांवरच उलटते, आणि तिचे परिणाम कित्येकदा त्वचेवरही उमटतात.

नडगीवर तांबड्या, दुखऱ्या गाठी उठतात, त्यास एरिथेमा नोडोसम म्हणतात. आतड्यांचा दाह वाढला की त्या बहुधा उठतात व तो शमला की व्रण न पडता विरतात. दुसरा विकार, पायोडर्मा गँग्रिनोसम, विरळा परंतु उग्र होय. लहानशा पुळीपासून आरंभ होऊन थोड्याच दिवसांत जांभळट काठाचा खोल, अतिशय दुखरा व्रण होतो. पुवाचा फोड समजून तो चिरला अथवा खरवडला, तर अधिकच पसरतो. आतडे शांत असतानाही तो होऊ शकतो, हे विशेष ध्यानी घ्यावे.

आपल्या देशात आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. आतड्यांचा क्षय क्रोन्स डिसीजसारखाच भासतो, आणि नडगीवरील गाठी क्षयातही उठतात. क्षय नाही याची खात्री न करता स्टिरॉइड घेतल्यास क्षय बळावण्याचा धोका असतो.

आमच्या समाजापुरते दोन शब्द. ब-12 जीवनसत्त्व आपल्या आहारात मुख्यतः दुधातूनच मिळते. लहान आतड्याचा शेवटचा भाग दाहाने बिघडला की तेही नीट शोषले जात नाही. मग जीभ गुळगुळीत होऊन दुखते, ओठांचे कोपरे फाटतात, बोटांच्या सांध्यांवर काळसरपणा येतो. अशा वेळी रक्त तपासून घ्यावे. पर्युषणातील उपवासासाठी स्टिरॉइड एकाएकी बंद करणे जीवावर बेतू शकते. उपवासाचा संकल्प करण्यापूर्वीच डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. रात्रिभोजनत्याग असणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितल्यास औषधाच्या वेळा दिवसा बसविता येतात का, हे डॉक्टर पाहू शकतात.

आपल्या भोपाळ नगरीत 1955 साली स्थापन झालेल्या गांधी वैद्यकीय महाविद्यालयाचे हमीदिया रुग्णालय आहे, तसेच एम्सही आहे. कोठेही जा, परंतु त्वचेच्या डॉक्टरांना पोटाची हकिकत आणि पोटाच्या डॉक्टरांना त्वचेची हकिकत न विसरता सांगा, एवढीच आमची वाचकबंधूंस व भगिनींस नम्र विनंती आहे.