भेटीची वेळ कागदावर हवी

घटस्फोटाच्या अर्जात मुलाच्या ताब्याचा वाद आला की कौटुंबिक न्यायालय आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवतं. १९८४ च्या कायद्याने तडजोडीचा प्रयत्न करण्याची जबाबदारीच न्यायालयावर टाकली आहे. पुष्कळजण ही तारीख नुसती उरकतात. आमच्या पहिल्या फेरीत सगळा वेळ कोण कोणाला काय बोललं, यातच गेला. दोन्हीकडचे नातेवाईक बाहेर बाकावर बसून होते. शेवटी थकून दोन्ही बाजूंनी एक वाक्य मान्य केलं: वडिलांनी मुलीला उभयतांच्या सोयीने भेटावं.

हे वाक्य आम्हाला फार महाग पडलं. दिवस, वेळ, जागा, काहीच त्यात नव्हतं. पाडव्याला मी गेलो तर दाराला कुलूप, मुलगी आजोळी. मे महिन्यात विचारलं तर क्लास लावलेला. तिच्या आईची तक्रारही खरी होती. मी कामावरून सुटून पोचायचो तेव्हा मुलगी जेवून झोपायच्या तयारीत असायची. आधी फोनवर वाद, मग दोन्हीकडचे आजी-आजोबा, मग वकिलांच्या नोटिसा. अखेर भेटी न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत होऊ लागल्या. तिथे मी चॉकलेट पुढे केलं की मुलगी आधी दारापाशी बसलेल्या आईकडे बघायची, मगच हात पुढे करायची. सात वर्षांची पोर होती ती.

नंतर नव्या समुपदेशक मॅडम आल्या. त्यांनी आम्हाला जुनं काही उगाळूच दिलं नाही. “तुमचं नंतर ऐकते, आधी तिचा शनिवार सांगा,” म्हणाल्या. शाळा किती वाजता सुटते? आणायला कोण जाणार? परत कुठे सोडायचं? ताप आला तर भेट रद्द, की पुढच्या रविवारी? उशीर होत असेल तर कोणी कोणाला कळवायचं? गॅदरिंगला दोघं येणार का? तिला दमा आहे, मग पंप कोणाच्या पिशवीत? पंपावरून आम्ही तिथेही भांडलो. अखेर दोन पंप घ्यायचे ठरलं, एक दप्तरात, एक माझ्या घरी. मॅडमनी तेही लिहून घेतलं. पंप कसा द्यायचा, किती वेळ श्वास धरायला सांगायचा, हे तिच्या आईने त्याच टेबलावर मला दाखवलं. त्या कागदावर सही झाल्यापासून नोटिसा थांबल्या. आमचं एकमेकांशी पटलं नाही ते नाहीच, पण शनिवार सुरळीत झाले.

म्हणून या वाटेवर असलेल्यांना कळकळीने सांगतो. समुपदेशन म्हणजे परत नांदायला लावणं, ही धास्ती मनातून काढा. संसार राहणार नसला तरी मुलाच्या शाळेचं, औषधाचं, सणावाराचं ठरवावंच लागतं आणि ते ठरवायला यापेक्षा बरी जागा नाही. कोर्टातल्या समुपदेशकांना फीही द्यावी लागत नाही. गणपती, दिवाळी, मे महिना, घरातली लग्नकार्यं, फोनची वेळ, सगळं नावानिशी लिहून घ्या. संमतीने झालेल्या आदेशावर अपील करता येत नाही, तेव्हा सहीआधी शब्दन् शब्द वाचा. मूल मोठं होतं, परिस्थिती पालटते, तेव्हा ताब्याचा आदेश बदलून मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाने हे १९७३ सालीच सांगितलं आहे.

मुलाला पढवू नका. समुपदेशकांनी मुलाशी बोलून केलेला अहवाल ताब्याच्या दाव्यात न्यायाधीशांना विचारात घेता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलं. पण मला त्याहून मोठं कारण दिसतं ते घरातलं. भेटीहून आलेल्या मुलाला “काय बोलले? कोण आलं होतं?” असं खोदून विचारलं की ते हळूहळू दोन्ही घरांत गप्प राहायला शिकतं. पोटगीचे निरोप तर मुलाच्या तोंडी कधीच देऊ नका.

एक मात्र ठामपणे सांगायला हवं. ज्या घरात मारहाण झाली आहे, जिथे समोरच्या माणसाची भीती वाटते, तिथे एका टेबलाशी बसवणं हा न्याय नाही. हे समुपदेशकांना पहिल्याच दिवशी सांगा आणि वेगळं बसवायची मागणी करा. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो, आणि भेट मुलाच्या हिताला घातक वाटली तर दंडाधिकारी ती नाकारूही शकतात.

बाकी सगळ्यांनी समुपदेशकांच्या तारखेला जाताना मुलाच्या शाळेचं वेळापत्रक, डॉक्टरांची चिठ्ठी आणि वर्षाचं कॅलेंडर बरोबर न्यावं. नातेवाइकांना घरीच थांबायला सांगावं.