विमानाची शाळा निवडताना



गेल्या महिन्यात पासलीला गटसभा आटोपून चहा घेत होतो. एक जुने सभासद आम्हाला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, बेणं कुठनं आणायचं ते तुम्ही सांगता. आता नातवाला पायलट व्हायचंय, शाळा कुठली धरू तेही सांगा." पोरगा बारावी शास्त्र शाखेतून पास. पुण्याचा एक दलाल दोन लाख बयाणा मागत होता आणि घरात जमीन तारण ठेवायची बोलणी सुरू झालेली. आम्ही शेतकी पदविकेची माणसं, विमानात बसलो तेही दोनदाच. तरी चौकशी केली. ती इतरांनाही उपयोगी पडेल म्हणून येथे देत आहोत.

बयाण्याआधी डॉक्टर. माती तपासल्याशिवाय लागण करू नका असे आम्ही सांगतो, तसेच हे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, नेमलेल्या डॉक्टरांकडून आधी दुसऱ्या वर्गाची व नंतर पहिल्या वर्गाची तपासणी करावी लागते. चष्मा बहुधा चालतो, पण रंग ओळखण्यातला दोष आडवा येऊ शकतो. फी भरल्यावर ते कळून काय उपयोग?

व्यावसायिक परवान्याला वय 18 पूर्ण लागते. हवाई नियम, दिशाशोधन, हवामानशास्त्र अशा लेखी परीक्षा असतात आणि किमान 200 तास उड्डाण, त्यांतले 100 तास विमान स्वतःच्या जबाबदारीवर चालवून. सगळी गोम या 200 तासांत आहे. फी पन्नास लाखांच्या घरात जाते, आणि तास रखडले की राहण्या-जेवणाचा खर्च वर चढतो.

आपल्याकडे बारामती, धुळे, शिरपूर, गोंदिया येथे शिक्षण मिळते. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला सरकारी इंदिरा गांधी अकादमी आहे. कुठेही जा, माहितीपत्रकावर जाऊ नका. तोडणीच्या टोळ्या कागदावर वीस आणि फडात आठ, हा अनुभव आपल्याला नवा नाही. विमानांचेही तसेच. आज उडण्याजोगी किती, शिक्षक किती, मुलं किती, हे विचारा. मागच्या तुकडीचे 200 तास किती महिन्यांत भरले ते कार्यालयात नव्हे, वसतिगृहात विचारा. पोरं खरं बोलतात. पावसाचेही पाहा. पासलीसारखा पाऊस असेल तिथे चार महिने विमान शेडातच राहायचे. बारामतीला पाऊस कमी, हा तिथला फायदा.

सुरक्षेची चौकशी करायला लाजू नये. ऑक्टोबर 2023 मध्ये बारामती परिसरात चार दिवसांत दोन प्रशिक्षण विमाने कोसळली आणि डीजीसीएने त्या संस्थेची उड्डाणे थांबवली होती. 2025 पासून डीजीसीए अशा संस्थांची प्रतवारी जाहीर करते. ती यादी पाहावी, आणि पैसे एकरकमी न देता उडालेल्या तासांप्रमाणे हप्त्याने देण्याचे लेखी करून घ्यावे.

परदेशात तास लवकर भरतात असे दलाल सांगतो, ते पुष्कळदा खरेही असते. मात्र तिकडचा परवाना इथे बदलून घ्यावा लागतो, त्याला पुन्हा परीक्षा. मोठ्या विमानाचे शिक्षण वेगळे, त्याचे लाखो रुपये वेगळे. एवढे करून नोकरीसाठी थांबलेली मुलंही आहेत, हे आम्ही आजोबांना स्पष्ट सांगितले.

ते थोडा वेळ गप्प बसले. मग नातवाला म्हणाले, "आधी डोळे दाखवून ये. तोवर सातबारा कपाटातच राहू दे." पोरगा येत्या सोमवारी तपासणीला जाणार आहे.