घट्ट चाकू, हट्टी मन

आजचं वाचन: भगवद्गीता, अध्याय ६, श्लोक ३३ ते ३६



परवा एका मैत्रिणीचा मेसेज आला. "रोज सकाळी दहा मिनिटं नामस्मरणाला बसायचं ठरवलं. आज पाचवा दिवस. मन लागतच नाही गं. बहुतेक माझ्यात भक्तीच नाहीये. सोडून देऊ का?"

हा प्रश्न आपल्यातल्या कितीजणांचा आहे! म्हणून आज तिला दिलेलं उत्तरच इथे लिहिते. त्यासाठी आधी थोडं चाकूबद्दल बोलावं लागेल. हसू नका, वाचा.

ट्रेकसाठी मी एक घडीचा चाकू घेतला. स्विस चाकू असतो ना, त्याच जातीचा. नवा असताना तो इतका घट्ट होता की पात्याच्या खाचेत नख घालून ओढलं तर नखच तुटेल असं वाटायचं. हा बिघाड नव्हे. अशा चाकूच्या मुठीत पाठीच्या बाजूला पोलादी पट्टीची स्प्रिंग असते आणि ती पात्याच्या बुडाला सतत दाबून धरते. नव्या चाकूत हे दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना सरावलेले नसतात. बारीक खडबडीतपणा असतो, कधी कारखान्यातली धूळही आत राहिलेली असते.

मग करायचं काय? कृती अगदी साधी आहे.

१. कोमट पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाकून त्यात चाकू हळूहळू उघडा-मिटा. आतली घाण निघते. नंतर नीट कोरडा करा.

२. सांध्यात पातळ तेलाचा एकच थेंब सोडा. फळं कापणार असाल तर खाण्याला चालणारं मिनरल ऑइल घ्या. स्वयंपाकाचं गोडेतेल नको, ते काही दिवसांनी चिकट होतं आणि धूळ धरतं.

३. रोज वीस-पंचवीस वेळा उघडा-मिटा, घाई न करता. बोटं पात्याच्या सपाट बाजूंवर ठेवा, धारेच्या वाटेत कधीच नको.

४. सांध्यातून काळपट तेल बाहेर येईल. घासून निघालेले धातूचे बारीक कण असतात ते. पुसून टाका, पुन्हा एक थेंब.

माझ्या चाकूला दोनेक आठवडे लागले. "आज सैल झाला" असा कुठला एक दिवस मला दाखवता येणार नाही. एकदा संत्रं सोलायला काढला, तेव्हा सहज उघडला, एवढंच.

आता आजच्या वाचनाकडे येऊ. अर्जुन मनाबद्दल तक्रार करतो. तो मनाला चार विशेषणं लावतो: चंचल, खळबळ उडवणारं, बलवान आणि दृढ. पहिली तीन आपल्याला लगेच पटतात. पण 'दृढ' का? जे इतकं चंचल आहे ते दृढ कसं? कारण ते आपल्या सवयीच्या जागी घट्ट बसलेलं असतं, तिथून हलायला तयार नसतं. अगदी नव्या चाकूच्या पात्यासारखं.

आणि भगवंत काय म्हणतात? "तू कमजोर आहेस" असं म्हणत नाहीत. आधी कबूल करतात की हो, मन आवरायला अवघड आहे, यात शंका नाही. मग दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य. अभ्यास म्हणजे रोजची उघड-मीट. वैराग्य म्हणजे त्यातून जे काळं बाहेर येतं ते पुसून टाकणं. नामाला बसलं की जुना राग, मत्सर, ऑफिसमधला अपमान, सगळं वर येतं ना? ते दिसलं म्हणून घाबरायचं नाही. काम चालू आहे म्हणूनच ते बाहेर येतंय. पुसा आणि पुढे चला.

पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्या पादात अभ्यासाला तीन अटी घातल्यात: दीर्घकाळ, खंड न पडता आणि आदराने. तिसरी अट आपण विसरतो. आदर म्हणजे तेलाचा थेंब. कोरडी जबरदस्ती केली तर सांधा नुसताच झिजतो. पकडीने पातं ओढणारे असतात तसे पहिल्याच दिवशी तीन तास बसणारेही असतात. त्यापेक्षा प्रेमाने केलेली दहा मिनिटं बरी.

आणि गंमत पाहा. असा अभ्यास झाला की तो कसा होतो हे सांगताना पतंजलीही 'दृढ' हाच शब्द वापरतात! अर्जुनाच्या तक्रारीतला शब्द इथे फळ म्हणून येतो.

चाकूतही हेच आहे. वैतागून कोणी ती स्प्रिंग कानशीने घासून कमकुवत केली, तर पातं उघडेल सहज, पण काम करताना बोटांवर मिटेलही. या चाकूंना वेगळं लॉक नसतं. उघडताना जी स्प्रिंग अडवते, तीच उघडलेलं पातं जागेवर धरून ठेवते. म्हणजे घट्टपणा काढून टाकायचा नसतो, तो आपल्या बाजूने वळवायचा असतो.

म्हणून मैत्रिणीला लिहिलं: "तुझं मन हट्टी आहे ना? चांगलंय. हेच मन एकदा नामाला चिकटलं की तिथूनही सहजासहजी हलणार नाही. पाच दिवसांत निकाल लावू नकोस. उद्या बस."

आजचा अभ्यास: ठरलेल्या वेळी दहाच मिनिटं बसा. मन किती वेळा पळालं ते मोजू नका. पळालं की न रागावता परत आणा. परत आणणं हीच एक उघड-मीट. आणि उठताना जे वर आलं असेल ते पांडुरंगाच्या पायाशी ठेवून उठा.

पांडुरंगा, आमचं हट्टी मन तुझ्याच पायी घट्ट बसू दे.

जय हरी!