गावाचे नाव हेच भांडवल : जपानच्या भेटवस्तूंचा बाजार

जपानी माणूस परगावी गेला की रिकाम्या हाताने परतत नाही. सहलीला गेलेला असो वा कामाला, घरच्यांसाठी आणि कचेरीतल्या सहकाऱ्यांसाठी त्या गावची नामांकित वस्तू आणायची, ही तिथली जुनी रीत. अशा भेटीला 'ओमियागे' म्हणतात आणि ज्या वस्तूमुळे गाव ओळखले जाते तिला 'मेइबुत्सु' म्हणतात. या एका रिवाजावर तिथल्या कितीतरी मिठाईवाल्यांची, कुंभारांची, लोहारांची आणि विणकरांची रोजी चालते. आमच्या वाचकांत व्यापारीही आहेत आणि हातावर पोट असलेले कारागीरही. दोघांच्याही उपयोगाचा म्हणून या बाजाराचा आज आपण अभ्यास करू.

खाण्याच्या वस्तू

ओमियागेची मोठी विक्री रेल्वे स्थानकांत आणि विमानतळांवर होते. गिऱ्हाईक घाईत असते, म्हणून माल त्याच्या गरजेप्रमाणे बांधलेला असतो. प्रत्येक नग वेगळ्या कागदात, डब्यावर नगांची संख्या आणि कोणत्या तारखेपर्यंत खावे ते स्पष्ट छापलेले. कचेरीत बारा माणसे असतील तर बारा नगांचा डबा उचलायचा आणि गाडी पकडायची.

क्योतोची 'यात्सुहाशी' तांदळाचे पीठ, साखर आणि दालचिनी यांची असते. भाजलेली कडक यात्सुहाशी बरेच दिवस टिकते, मात्र गोड पुरण भरलेली मऊ जात थोडेच दिवस. क्योतोजवळचे उजी आणि फुकुओका प्रांतातील यामे ही गावे चहासाठी प्रसिद्ध आहेत. यामेच्या 'ग्योकुरो' चहाची झुडपे खुडणीपूर्वी काही दिवस सावलीत झाकून ठेवतात, त्यामुळे चहाला गोडसर चव येते. नागासाकीचा 'कास्तेला' केक मुळात जपानी नव्हेच. सोळाव्या शतकात आलेल्या पोर्तुगीजांकडून तो तिथे शिकला गेला आणि आज त्या शहराची ओळख झाला आहे. बाहेरून आलेले हुन्नरही पिढ्यान्‌पिढ्या नेटाने केले तर गावाचे होते, हे यातून दिसते.

आमच्या बांधवांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. जपानी पदार्थांत मिरिन किंवा साके ही तांदळाची दारू, जिलेटिन आणि डुकराची चरबी असू शकते. काही कास्तेलातही मिरिन घालतात. घटकांची यादी बहुधा जपानी भाषेत असते, म्हणून विचारून, वाचून घेऊन मगच खरेदी करावी. 'योकान' ही वाटाण्यासारख्या लाल कडधान्याची वडी जिलेटिनवर नव्हे तर समुद्री शेवाळापासून केलेल्या 'कांतेन'वर घट्ट होते आणि बरीच टिकते. तरी तिचेही घटक तपासावेतच.

हाताच्या वस्तू

हस्तकलेसाठी जपानने १९७४ साली स्वतंत्र कायदा केला. त्याखाली मान्यता मिळण्यास पाच अटी आहेत. वस्तू मुख्यतः रोजच्या वापरातली असावी; तिचे महत्त्वाचे काम हाताने झालेले असावे; कृती परंपरेची, म्हणजे साधारण शंभर वर्षांची असावी; कच्चा मालही तसाच परंपरेचा असावा; आणि त्या भागात तो धंदा करणारे पुरेसे लोक असावेत. आजवर २४० हून अधिक वस्तूंना ही मान्यता मिळाली आहे. तपासणीत उतरलेल्या मालावर खास चिन्हाची पट्टी लागते. 'परंपरागत कारागीर' हा किताब हवा असेल तर किमान बारा वर्षांचा अनुभव लागतो आणि परीक्षाही द्यावी लागते.

पाचवी अट नीट पाहावी. मान्यता एका दुकानाला मिळत नाही, गावाच्या धंद्याला मिळते.

इवाते प्रांतातील 'नाम्बू' लोखंडी किटलीला १९७५ साली, अगदी पहिल्या तुकडीत, ही मान्यता मिळाली. ओतीव लोखंडाची ही किटली कोळशाच्या आगीत लालबुंद तापवतात. त्यामुळे आत एक थर बसतो आणि गंज धरत नाही. तिच्यासारखेच दिसणारे, आतून एनॅमल लावलेले चहाचे भांडे मात्र आगीवर ठेवायचे नसते. घेणाऱ्याने हा फरक विचारून घ्यावा.

ओसाकाजवळच्या साकाई गावचे सुरे आचाऱ्यांना प्रिय आहेत. तिथे पाते घडवणारा वेगळा, धार लावणारा वेगळा आणि मूठ बसवणारा वेगळा. एकाचे काम बिघडले तर तिघांची मेहनत वाया जाते. विमानाने येताना असा सुरा हातातल्या पिशवीत चालत नाही, तो मोठ्या सामानातच द्यावा लागतो.

इशिकावा प्रांतातील वाजिमाची लाकडी भांडी उरुशी झाडाच्या चिकाच्या रोगणाने मढवतात. कडांना कापड चिकटवून त्यावर भाजलेल्या स्थानिक मातीची पूड मिसळलेले थर देतात. कामाच्या पायऱ्या शंभराहून अधिक. स्वस्त माल प्लॅस्टिकच्या साच्यावर केलेला असतो, पण लेबलवर साचा कशाचा आणि रोगण कोणते ते लिहिलेले असते.

नाव कसे बुडते, कसे टिकते

२००७ साली या बाजाराला मोठा हादरा बसला. होक्काइदोच्या 'शिरोई कोइबितो' या गाजलेल्या बिस्किटाच्या कारखान्याने मुदतीच्या तारखा पुढे ढकलल्याचे ऑगस्टमध्ये उघड झाले. ऑक्टोबरमध्ये इसे येथील 'आकाफुकु' ही १७०७ पासूनची मिठाईची पेढीही तारखा बदलताना सापडली आणि सरकारने तिचे काम बंद पाडले. पेढी पुन्हा उघडायला २००८ चा फेब्रुवारी उजाडला. जपानमध्ये दरवर्षी लोकांच्या मताने त्या वर्षाचे एक अक्षर निवडतात. २००७ चे अक्षर होते 'खोटे'. तीनशे वर्षांच्या नावाला तारखेच्या एका शिक्क्याने बट्टा लागला.

याउलट वाजिमाचे पाहा. १ जानेवारी २०२४ च्या भूकंपात आणि आगीत तिथली घरे व कार्यशाळा उद्ध्वस्त झाल्या. त्याच वर्षी सप्टेंबरात पूर आला. तरी तात्पुरत्या जागांत कारागीर पुन्हा कामाला बसले. कार्यशाळा गेल्या, पण नाव शाबूत होते. म्हणून मालाला विचारणारे राहिले.

मात्र तिथे सारे आलबेल आहे असेही नाही. १९८० च्या दशकाच्या मानाने परंपरागत वस्तूंची विक्री एक पंचमांशाच्या आसपास उतरली आहे आणि जुन्या कारागिरांच्या जागी तरुण मिळणे कठीण झाले आहे. कायदा आणि पट्टी नाव राखायला मदत करतात, पण शागीर्द तयार करणे हे उस्तादांचेच काम आहे.

आपण काय घ्यावे?

आपल्याकडेही १९९९ चा भौगोलिक मानांकनाचा कायदा आहे आणि पैठणी, कोल्हापुरी चप्पल यांना मानांकन मिळालेले आहे. पण कागद मिळाला म्हणजे काम झाले असे नाही. कोणता माल गावाच्या नावाने विकायचा आणि कोणता नाही, हे कारागिरांनी एकत्र बसून ठरवावे. यंत्राचा माल हाताचा म्हणून विकू नये. दोन्ही ठेवावेत, पण वेगळे सांगून. प्रवासी गिऱ्हाइकासाठी लहान, हलके, नीट बांधलेले नग करावेत आणि आत वस्तू कशी बनली व कशी वापरावी याची चिठ्ठी घालावी. दुकानदाराने कारागिराला भाव देताना हात आखडू नये, कारण तो उठून गेला तर दुकानात विकायला फक्त नाव उरेल.

गावाचे नाव ही साऱ्यांची सामाईक ठेव आहे. ती एकट्याने कमावता येत नाही, बुडवायला मात्र एकटा पुरतो. आपल्या बाजारात हा विचार प्रत्येकाने गल्ल्यावर बसताना करावा.