निसर्ग-निरीक्षण पाठ : कढीलिंबावरील अळी व फुलपाखरू

(इयत्ता ३ री ते ५ वी)

उद्देश : अंडे, अळी, कोश व फुलपाखरू हा क्रम फळ्यावर एका तासात सांगता येतो, पण सांगितलेला क्रम पाठ होतो, पाहिलेला क्रम समजतो. मुलांनी जे दिसले तेच लिहावे, ही सवय लावणे हा या पाठाचा मुख्य हेतू होय.

पूर्वतयारी : कसारा घाटाच्या पायथ्याच्या गावांत परसात कढीलिंब, लिंबू किंवा बेल पुष्कळदा आढळतो. पावसाळ्यात पालवी फुटली की काळ्या-पिवळ्या ठिपक्यांचे एक फुलपाखरू या झाडांच्या कोवळ्या पानांवर सुटे सुटे अंडे घालते. अंडे मोहरीएवढे, गोल व फिकट पिवळे असते. अंडे असलेली डहाळी रुंद तोंडाच्या बरणीत ठेवावी, आत एक काटकी उभी करावी व तोंडाला विरळ कापड बांधावे. पाने त्याच जातीच्या झाडाची, रोज ताजी व औषध न फवारलेली असावीत. केसाळ सुरवंटांना मात्र मुलांना हात लावू देऊ नये. अंगाला खाज सुटते.

निरीक्षण : सुमारे ३-४ दिवसांनी अळी बाहेर येते. प्रथम ती पाखराच्या विष्ठेसारखी काळपट-पांढरी दिसते. असे दिसण्याने तिला काय लाभ होत असेल, हे मुलांना विचारावे. उत्तर सांगण्याची घाई करू नये. चार वेळा कात टाकून ती वाढते व शेवटी पानासारखी हिरवी होते. डिवचल्यास डोक्यामागून नारिंगी दुबेळके बाहेर काढून उग्र वास सोडते. पुढे ती खाणे थांबवते, काटकीला रेशमी धाग्याने स्वतःस बांधून घेते व कोश होते. उष्ण, दमट हवेत साधारण ८ ते १० दिवसांनी कोश उकलतो. ओले, चुरगळलेले पंख पसरून वाळेपर्यंत फुलपाखराला स्पर्श करू नये. कोश फोडून त्यास मदत केल्यास पंख अधू राहण्याचा संभव असतो.

नोंद : तारीख, रंग, दोरीने मोजलेली लांबी व खाल्लेली पाने, एवढे रकाने पुरेत. कधी अळी मरते. कधी कोशाला बारीक भोक पडून आतून फुलपाखराऐवजी लहान माश्या निघतात. त्यांच्या मातेने कोशात अंडी घातलेली असतात. अशा वेळी पाठ फसला असे मानू नये. पुस्तकातील चित्र उतरवणाऱ्या मुलापेक्षा ‘माश्या निघाल्या’ असे लिहिणाऱ्या मुलाची वही अधिक मोलाची आहे.

चर्चा : ही अळी लिंबाच्या लहान रोपाची पाने फस्त करते, म्हणून पालक ती वेचून टाकतात. त्यांचे म्हणणे चुकीचे ठरवू नये. निरीक्षणास मोठ्या झाडावरील दोन-तीन अळ्या पुरेशा आहेत. २०१५ साली महाराष्ट्राचे राज्य फुलपाखरू म्हणून घोषित झालेली ‘राणी पाकोळी’ हीदेखील अळीच्या अवस्थेत लिंबूवर्गीय झाडांच्याच पानांवर जगते. फुलपाखराला मध देणारे फूल हवे, तसेच अळीला खाण्याजोगे पान हवे, हे मुलांच्या मुखातून यावे.

शेवटी फुलपाखरू ज्या झाडावर अंडे सापडले होते, तेथेच मुलांच्या हातून सोडावे व नोंदवह्या वर्गात मोठ्याने वाचून घ्याव्यात.