पुढचा घटक देणारे फंक्शन

सी भाषेत डेटामधले घटक एकामागून एक हाती देणारी तयार सोय नाही. ॲरे असेल तर इंडेक्स वाढवत गेले की काम भागते. पण लिंक्ड लिस्ट, ट्री, फाइलमधल्या ओळी किंवा डिरेक्टरीतली नावे असतील, तर लूप कसा चालायचा हे लायब्ररी लिहिणाऱ्यालाच ठरवावे लागते. काम किरकोळ वाटते म्हणून ते घाईत उरकले जाते. त्याचा भुर्दंड मात्र वापरणाऱ्यांच्या पिढ्या भरत राहतात.

स्ट्रटॉक हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. मजकुराचे तुकडे पाडणाऱ्या या फंक्शनला पहिल्या वेळी मजकूर द्यायचा आणि नंतर दर वेळी नल. वाचन कुठवर आले ही नोंद ते स्वतःच्याच पोटात, एका स्टॅटिक व्हेरिएबलमध्ये ठेवते. त्यामुळे ओळी तोडणाऱ्या लूपच्या आत शब्द तोडणारा दुसरा लूप घातला, की आतला लूप बाहेरच्याची नोंद पुसून टाकतो. बाहेरचा लूप पहिल्याच ओळीनंतर थांबतो, एरर काही येत नाही, आणि उरलेला मजकूर मुकाट्याने वगळला जातो. दोन स्वल्पविराम लागोपाठ आले तर स्ट्रटॉक ते एकच धरते. मग रिकामा रकाना नाहीसा होऊन पुढचे सगळे रकाने एकेक घर अलीकडे सरकतात. हिशेबाच्या फाइलीत याचा काय घोळ होईल ते वेगळे सांगायला नको. पॉसिक्सने नंतर आणलेल्या स्ट्रटॉक-आर या फंक्शनमध्ये नोंदीची जागा वापरणाऱ्याकडून पॉइंटरने घेतली जाते. रकान्यांची अडचण तेथेही कायम आहे, पण नोंदीपुरता उपाय योग्य आहे. वाचन कुठे आहे हे सांगणारे छोटे स्ट्रक्चर वापरणाऱ्याच्या स्टॅकवर असावे, एका फंक्शनने ते सुरुवातीच्या स्थितीत आणावे आणि दुसऱ्याने पुढचा घटक द्यावा. एवढ्यावर बहुतेक गरजा भागतात.

त्या दुसऱ्या फंक्शनने काय परत करावे, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे. घटक मिळाला, घटक संपले आणि वाचताना बिघाड झाला, अशी तीन उत्तरे संभवतात. नल पॉइंटरला त्यांतली दोनच वेगळी दाखवता येतात. डिरेक्टरी वाचणारे रीडडिर नावे संपली तरी नल देते आणि डिस्कने दगा दिला तरी नलच. फरक कळण्यासाठी प्रत्येक हाकेआधी एररनो शून्य करून नंतर ते तपासावे लागते, आणि तेवढी शिस्त फार थोड्या कोडमध्ये आढळते. अर्धीच वाचलेली डिरेक्टरी पूर्ण समजून बॅकअप घेतला जाण्याची वाट येथूनच निघते. एसक्यूलाइटने हा प्रश्न नीट सोडवला आहे. त्याचे स्टेप फंक्शन ओळ मिळाली तर १००, ओळी संपल्या तर १०१ आणि बिघाड झाला तर त्याचा स्वतंत्र क्रमांक देते. ज्या वाचनात बिघाडाची शक्यताच नाही, उदाहरणार्थ मेमरीतली लिस्ट, तेथे साधे हो-नाही पुरे.

लूप मधूनच सोडला जातो, हेही गृहीत धरावे. ओपनडिरने उघडलेली डिरेक्टरी क्लोजडिरने बंद करावी लागते. हवे ते नाव सापडताच फंक्शनमधून परतणारा कोड ते विसरला, की दर वेळी एक फाइल डिस्क्रिप्टर अडकून पडतो. लिनक्सवर एका प्रोसेसला सहसा १०२४ डिस्क्रिप्टरची मर्यादा असते. म्हणून असा प्रोग्राम चाचणीत सुरळीत चालतो आणि सर्व्हरवर काही काळाने कोलमडतो. शक्य तेथे वाचनासाठी मेमरी किंवा डिस्क्रिप्टर घेऊच नये. घ्यावाच लागला तर बंद करणारे फंक्शन हेडर फाइलमध्ये उघडणाऱ्याच्या लगत ठेवावे.

काही जण कॉलबॅकचा मार्ग धरतात. फाइल-ट्री फिरणारे एनएफटीडब्ल्यू तसेच आहे, पण वापरणाऱ्याचा स्वतःचा पॉइंटर कॉलबॅकपर्यंत नेण्याची सोय त्यात नाही. परिणामी ग्लोबल व्हेरिएबल येतात आणि त्यांच्यासोबत थ्रेडच्या भानगडी. दोन क्रमवार लिस्ट एकत्र वाचून मिसळायच्या असतील तर कॉलबॅक फारच गैरसोयीचा ठरतो.

मॅक्रो वापरायला सर्वांत सुटसुटीत, म्हणूनच जपून वापरण्याचे. लिनक्स कर्नलच्या लिस्ट मॅक्रोंपैकी ‘सेफ’ म्हणवणारा प्रकार पुढचा घटक आधीच लक्षात ठेवतो, त्यामुळे हातातला घटक लूपमध्ये काढून टाकता येतो. दुसऱ्या थ्रेडने केलेल्या बदलांपासून मात्र तो संरक्षण देत नाही. नाव त्या मानाने फसवे आहे. साध्या प्रकारातही एक खोड होती. लूप पूर्ण झाल्यावर घटकाचा पॉइंटर खऱ्या घटकावर नसतो, लिस्टच्या डोक्यावरून काढलेल्या भलत्याच पत्त्यावर असतो. व्हेरिएबल लूपच्या बाहेर घोषित असल्याने तो नंतर वापरला तरी कंपायलर हरकत घेत नसे. हे व्हेरिएबल लूपच्या आतच घोषित करता यावे, या चर्चेतून २०२२ साली ५.१८ या आवृत्तीत कर्नलने १९८९ सालचे सी मानक सोडून २०११ सालचे स्वीकारले.