माकडतापाच्या भीतीने बागेत जाणं सोडायचं का?

प्रश्न : दरवर्षी फेब्रुवारीत मुलांना घेऊन दोडामार्गला मामांच्या काजूबागेत जातो. यंदा जावं का?

उत्तर : जरूर जा. मात्र आधी मामांना विचारा, आसपास माकडं मेलेली आढळली का? आढळली असतील तर त्या भागात पाऊल नको, आणि आरोग्य केंद्राला कळवा.

१९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला हा माकडताप आता मामांच्या सिंधुदुर्गातही आहे. तो पसरतो गोचिडीच्या चाव्यातून. तिची पिल्लं तिळाहून लहान, पाचोळ्यात दबा धरून असतात आणि नेमकी काजूच्या हंगामातच फोफावतात. शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात, खास औषध नाही. तरी खरी जोखीम रोज वाकून बिया वेचणाऱ्या मजुरांची. मला काळजी त्यांची जास्त वाटते. दोन दिवसांच्या पाहुण्यांना धोका बराच कमी.

बागेत जाताना पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली, डीट हे कीटकरोधक असलेलं मलम. पाचोळ्यात बसू नका. परतल्यावर गरम पाण्याने अंघोळ, मुलांच्या काखा, जांघा, कानामागे तपासणी. चिकटलेली गोचीड चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. दोन आठवड्यांत ताप आला तर ॲस्पिरिन न देता डॉक्टरांकडे जा आणि बागेत गेल्याचं आवर्जून सांगा.